डिस्कवर ६१ जीबी मोकळे, तरी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ : कर्नल कंपाइल करताना अडलोय

ओली_माती

नमस्कार मंडळी,

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प जमिनीतला ओलावा मोजण्याचा आहे. सेन्सरचा बोर्ड सीएच३४० चिपवरून यूएसबीला जोडलाय आणि मधूनमधून वाचन तुटतं. नेमकं कुठे तुटतं ते बघायला सीएच३४१ ड्रायव्हरमध्ये लॉगच्या दोन-चार ओळी घालायच्यात, म्हणून ६.१२ कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) सोर्स उतरवून घेतला. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, डेबियन १३.

मुख्य डिस्कवर जागा कमी, म्हणून आधी /टीएमपीमध्ये बांधायला घेतलं. बराच वेळ चाललं आणि मध्येच ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. मग घरातली बाहेरची हार्डडिस्क लावली. तिच्यावर १०० जीबीचं ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) पार्टिशन आहे, सिनेमे ठेवायला मामांनी करून दिलेलं. तिथे तर कंपाइल दूरच, टार (सोर्सचं गाठोडं) सोडतानाच तीच एरर! डीएफ -एच म्हणतंय ६१ जीबी शिल्लक. सोडवलेला सोर्स दीड जीबीच्या आसपास असतो असं वाचलंय. डिस्क खराब झाली का? परवा गाइडना दाखवायचंय.

पाचवा_खांब

सुडो लावून, म्हणजे रूट (ॲडमिन) होऊन, मेक (बांधणीची कमांड) कर, होऊन जाईल. परवानगीचा घोळ दिसतोय.

नदीकाठ

थांबा, सुडो नको. ईएक्सटी४ मध्ये पार्टिशनची ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते. साध्या युजरची जागा संपली की रूटला ती राखीव जागा मिळते, म्हणून कधीकधी सुडोने काम पुढे सरकतं आणि लोकांना वाटतं परवानगीचाच प्रश्न होता. पण बिल्डच्या फोल्डरात रूटच्या मालकीच्या शेकडो फाइली तयार होतात, आणि दुसऱ्या दिवशी साध्या युजरने मेक केलं की खराखुरा ‘परमिशन डिनाइड’ सुरू होतो. कर्नल बांधायला रूट लागतच नाही. ते लागतं शेवटी, मॉड्यूल (कर्नलला जोडायचे ड्रायव्हरसारखे भाग) आणि कर्नल बसवताना.

ओली_माती, तुमच्या दोन्ही एररची ओळ सारखी असली तरी कारणं वेगळी असणार. कंपायलर किंवा टार फक्त निरोप सांगतंय. फाइल तयार करायला गेलो आणि कर्नलने नकार दिला, एवढंच त्याला ठाऊक. नकार कुठल्या फाइलसिस्टिमने दिला हे बघायचं. बाहेरच्या डिस्कवरच्या त्याच फोल्डरात जाऊन ‘डीएफ -आय .’ चालवा आणि उत्तर इथे चिकटवा. शेवटचा टिंब विसरू नका, त्यानेच कळतं की आपण उभे आहोत ते फोल्डर कुठल्या फाइलसिस्टिमवर आहे. /टीएमपीसाठी ‘फाइंडमाउंट /टीएमपी’.

ओली_माती

डीएफ -आय चं उत्तर:
आयनोड २५६००, वापरलेले २५६००, शिल्लक ०, वापर १०० टक्के.

फाइंडमाउंटमध्ये /टीएमपीपुढे ‘टीएमपीएफएस’ लिहिलंय. डेबियन १२ वर मी लहानसहान गोष्टी तिथेच बांधायचो, कधी त्रास नव्हता.

नदीकाठ

सापडलं. दोन्हींची उत्तरं तुम्हीच दिलीत.

/टीएमपीचं आधी, कारण ते सोपं आहे. डेबियनने १३ पासून म्हणजे ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीपासून /टीएमपी डिस्कवरून उचलून रॅममध्ये नेलं, ‘टीएमपीएफएस’चा अर्थ तोच. फेडोरात हे कित्येक वर्षांपासून आहे. त्याची कमाल मर्यादा रॅमच्या निम्मी, म्हणजे तुमच्याकडे ४ जीबीच्या आत. डेबियनची तयार कॉन्फिग घेऊन कर्नल बांधला तर डीबगची माहिती धरून पंधरा-वीस जीबी सहज खातो. शिवाय तिथे पडलेली प्रत्येक ऑब्जेक्ट फाइल (सोर्स कंपाइल होऊन निघालेली) कंपायलरला लागणारी रॅमच खाते. म्हणून /टीएमपीत मोठी बांधणी करू नका. बांधणी दुसरीकडे असली तरी जीसीसी हा कंपायलर आपल्या मधल्या फाइली /टीएमपीत टाकतो. तिथे अडलं तर टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल डिस्कवरच्या फोल्डरकडे वळवा. कर्नलपुरती ही अडचण सहसा येत नाही, मोठ्या सी++ प्रकल्पांत येते.

आता बाहेरची डिस्क. ईएक्सटी४ मध्ये प्रत्येक फाइलला आणि प्रत्येक फोल्डरला एक आयनोड लागतो. फाइलचा मालक, वेळा, आकार, तिचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत, हे सगळं त्यात असतं. वाचनालयात कपाटं रिकामी असावीत पण दाखल-नोंदवहीची पानं संपलेली असावीत, तसं तुमचं झालंय. आणि ही पानं पार्टिशन फॉरमॅट करतानाच मोजून बांधली जातात, नंतर वाढत नाहीत.

नेहमीचं प्रमाण दर १६ केबीला एक आयनोड. त्या हिशेबाने १०० जीबीला ६५ लाखांवर आयनोड मिळाले असते. तुमच्याकडे २५६०० आहेत. १०० जीबी भागिले २५६०० म्हणजे बरोबर ४ एमबी. फॉरमॅट करताना ‘लार्जफाइल४’ हा प्रकार निवडला की हेच प्रमाण येतं. मामांनी काही चुकीचं केलेलं नाही. एक आयनोड २५६ बाइटचा, ६५ लाख आयनोडांना दीड जीबीच्या वर जागा जाते. मोजक्या मोठमोठ्या फाइली ठेवायच्या तर ती वाचवणं शहाणपणाचंच. पण कर्नलच्या सोर्समध्ये ८० हजारांहून जास्त फाइली आहेत, त्या या डिस्कवर कशा मावणार? डिस्क ठणठणीत आहे, काळजी सोडा.

रानवारा

+१. आयनोडचं एवढं सोपं स्पष्टीकरण मराठीत पहिल्यांदा वाचलं. वाचनखूण साठवली.

ओली_माती, माझ्याकडे १२८ जीबीचा पेनड्राइव्ह आहे, एक्सफॅट फाइलसिस्टिमचा. तसा असेल तर त्यावर करता येईल ना? एक्सफॅटला आयनोडची भानगड नाही.

काळी_खिडकी

एक्सफॅटवर कर्नल नका सोडू हो. दोन कारणं सांगते, दुसरं फार घातक आहे.

एक म्हणजे एक्सफॅटला सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारी नोंद) ठाऊक नाही. कर्नलच्या स्क्रिप्ट्स/डीटीसी/इन्क्लूड-प्रीफिक्सेस या फोल्डरात प्रत्येक आर्किटेक्चरची लिंक आहे. टार तिथे ‘कॅनॉट क्रिएट सिमलिंक, ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणून ओरडतं. हे निदान दिसतं तरी.

दुसरं दिसत नाही. लिनक्सला मोठी आणि लहान लिपी वेगळी, एक्सफॅटला एकच. कर्नलच्या नेट/नेटफिल्टरमध्ये एक्सटी_टीसीपीएमएसएस.सी नावाच्या दोन फाइली आहेत. एकीत टीसीपीएमएसएस ही अक्षरं मोठ्या लिपीत, दुसरीत लहान. मोठ्या लिपीतली फाइल पॅकेटमधलं मूल्य बदलते, लहान लिपीतली ते फक्त तपासते. कामं पूर्ण वेगळी. डीएससीपी, एचएल, रेटईएसटी यांच्याही अशाच जोड्या आहेत. एक्सफॅटवर सोडलं की मागून आलेली फाइल पुढचीला खोडते आणि टार एका शब्दाने बोलत नाही. मग तासाभराने कंपाइल भलत्याच ठिकाणी फुटतं आणि माणूस सोर्समध्ये चूक शोधत बसतो. मॅकवरही हेच, कारण तिथली एपीएफएस डिस्क मुळात मोठी-लहान लिपी वेगळी धरत नाही. गिटने क्लोन केलं तर ते निदान ‘पाथ्स हॅव कोलायडेड’ असा इशारा देतं, तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बाकी, अख्खं कर्नल कशाला बांधताय? चालू कर्नलचं हेडर्सचं पॅकेज बसवा, सीएच३४१.सी एका वेगळ्या फोल्डरात घ्या, एका ओळीची मेकफाइल लिहा आणि तेवढंच मॉड्यूल बांधा. मिनिटभराचं काम आहे आणि जागेचा प्रश्नच उरत नाही.

ओली_माती

ताई, मॉड्यूलचं खरंच माहीत नव्हतं, आज रात्री करून बघतो. पण गाइडनी कर्नल स्वतः बांधून बूट करून दाखवायला सांगितलंय, त्याला वेगळे गुण आहेत. म्हणून तेही लागेल. मामांच्या डिस्कवरचे सिनेमे हलवायला दुसरी जागा नाही. फॉरमॅट न करता काही करता येईल का?

नदीकाठ

येईल. काळी_खिडकी यांचा मार्ग ड्रायव्हर तपासायला उत्तम, तो आधी कराच.

पूर्ण कर्नलसाठी त्याच डिस्कवर एक मोठी फाइल तयार करा आणि त्या फाइलच्या आत नवी ईएक्सटी४ बसवा. बाहेरच्या फाइलसिस्टिमला ती एकच फाइल, एकच आयनोड. आत मात्र नेहमीच्या प्रमाणाने आयनोड मिळतात, ४० जीबीला २६ लाखांवर.

आधी अर्धवट सोडलेलं सोर्सचं फोल्डर उडवा, नाहीतर त्या एका फाइलसाठीही आयनोड मिळणार नाही. मग ‘ट्रंकेट -एस ४०जी बांधणी.आयएमजी’. ही पोकळ फाइल आहे, लगेच तयार होते आणि आत लिहाल तशी जागा घेते. मग तिच्यावर ‘एमकेएफएस.ईएक्सटी४’ चालवा. ही साधी फाइल आहे, डिव्हाइस नाही, पण हे चालतं. मग सुडोने ‘माउंट -ओ लूप’ करून (म्हणजे ती फाइल डिस्कसारखी जोडून) एखाद्या फोल्डरवर चढवा आणि ‘चोन’ने त्या फोल्डराची मालकी स्वतःकडे घ्या. पुढचं सगळं साध्या युजरने.

हीच युक्ती एक्सफॅटवरही चालते, काळी_खिडकींनी सांगितलेले दोन्ही धोके आतल्या ईएक्सटी४ मुळे टळतात. फक्त एक्सफॅटला पोकळ फाइल जमत नाही, त्यामुळे तिथे ४० जीबी खरोखर अडकतात.

आणि बांधण्याआधी सेन्सरचा बोर्ड जोडून ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ करा. त्या क्षणी चढलेली मॉड्यूलंच तो ठेवतो, बाकी हजारो वगळतो. बोर्ड जोडलेला नसेल तर सीएच३४१ सुद्धा वगळेल, म्हणून ‘बोर्ड जोडून’ म्हणालो.

ओली_माती

लूप माउंट झालं, टार पूर्ण सुटलं! पण मेक म्हणतंय ‘सोर्स डिरेक्टरी कॅनॉट कन्टेन स्पेसेस ऑर कोलन्स’. मी फोल्डरचं नाव ‘माझे प्रकल्प’ ठेवलंय. देवनागरी चालत नाही का?

काळी_खिडकी

देवनागरी चालते, मधली मोकळी जागा चालत नाही. मेक फाइलींची यादी मोकळ्या जागेवर तोडतं, ‘माझे’ आणि ‘प्रकल्प’ त्याला दोन फाइली वाटतात. ‘माझे_प्रकल्प’ करा. ऑटोटूल्स वापरणारे प्रकल्प याच कारणासाठी ‘अनसेफ ॲब्सोल्यूट वर्किंग डिरेक्टरी नेम’ म्हणतात.

देवनागरी नावांत एक लक्षात ठेवा. नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही. युनिकोडमधलं आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-वेलांट्याही त्यात धरायच्या. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष, एकूण ९ बाइट. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं. एरवी पुरतं, पण काही बिल्ड साधनं सगळा मार्ग एकाच फाइलच्या नावात कोंबतात, तेव्हा ‘फाइल नेम टू लाँग’ येतं.

तिसरा_मजला

धाग्याला फाटा फोडतोय, माफ करा, पण माझाही फाइलसिस्टिमचाच प्रश्न आहे. डेस्कटॉपवर मोठं सी++ सॉफ्टवेअर बांधतो. मेकला जे८ (एकदम आठ कामं) देऊन सोडलं की काही वेळाने ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’. रीबूट केलं की पुन्हा ठीक, पुन्हा बांधलं की पुन्हा तेच. जे१ ने कधी कधी पूर्ण होतं. रीमाउंट करून लिहिता येईल असं करू का?

नदीकाठ

रीमाउंट मुळीच करू नका. हे मी कळकळीने सांगतोय, कारण डेटा जाण्याची शक्यता इथेच सुरू होते. ईएक्सटी४ स्वतःहून रीड-ओन्ली होते ती आणखी नासधूस होऊ नये म्हणून. डिस्कवर काहीतरी लिहिता आलं नाही किंवा वाचलेलं जुळलं नाही, तेव्हा जर्नल थांबवून तिने हात आखडता घेतलाय. तिला जबरदस्तीने पुन्हा लिहायला लावलं तर चुकीच्या माहितीवर लिहीत सुटेल.

दोन गोष्टी इथे द्या. रीड-ओन्ली झाल्यानंतर लगेच, रीबूट न करता, डीमेसेजच्या (कर्नलच्या नोंदींच्या) शेवटच्या तीसेक ओळी. आणि ‘स्मार्टसीटीएल -ए’ चं (डिस्कच्या तब्येतीचं) उत्तर, त्यातले ५, १९७ आणि १९९ हे क्रमांक. पण त्याआधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवा.

तिसरा_मजला

बॅकअप झाला. डीमेसेजमध्ये ‘आय/ओ एरर’, मग ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ पुन्हा पुन्हा, शेवटी ‘रीमाउंटिंग फाइलसिस्टिम रीड-ओन्ली’. स्मार्टमध्ये ५ चं मूल्य ०, १९७ चं ०, १९९ चं ३१२.

नदीकाठ

मग डिस्कवर संशय घेण्याआधी केबल बदला. ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयास्पद सेक्टर. दोन्ही शून्य, म्हणजे तबकडीची तक्रार नाही. १९९ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्या वाटेत बिघडलेला डेटा, आणि लिंक रीसेट होणं त्याच्याशी जुळतं. जे८ ने डिस्कवर एकदम ताण येतो, तेव्हा कच्ची केबल उघडी पडते.

साटा केबल नवी लावा, बोर्डावरचं भोकही बदला. मग लाइव्ह यूएसबीवरून बूट करून, पार्टिशन माउंट न करता, फाइलसिस्टिम तपासायला ‘ई२एफएससीके -एफ’. माउंट असलेल्या पार्टिशनवर तो चालवू नये. १९९ चा आकडा पुन्हा शून्य होणार नाही, तो आयुष्यभराची बेरीज असतो. आजचा ३१२ लिहून ठेवा, वाढला नाही म्हणजे काम झालं. उलट कोणाच्या डिस्कवर ५ किंवा १९७ वाढताना दिसत असेल तर केबल, एफएससीके काही करू नये, आधी डीडीरेस्क्यूने डिस्कची पूर्ण प्रत काढावी.

रानवारा

एक पुरवणी. ‘इंटर्नल कंपायलर एरर’ दर वेळी वेगळ्या फाइलवर येत असेल तर रॅम तपासा, मेमटेस्ट रात्रभर चालवा. सोर्समधली चूक दर वेळी त्याच ओळीवर भेटते.

ओली_माती

कर्नल बांधून झाला, बूटही झाला! गाइडना दाखवला. पण आता नवंच. ड्रायव्हरमध्ये आणखी एक लॉगची ओळ घातली, मेक केलं, मॉड्यूल पुन्हा चढवलं, ओळ दिसतच नाही. मेक सीएच३४१ ला हातही लावत नाही. आणि इशारे येतात: ‘मॉडिफिकेशन टाइम १९०४२ सेकंद इन द फ्यूचर’, ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड, युवर बिल्ड मे बी इनकम्प्लीट’. लूपच्या फाइलमुळे का?

काळी_खिडकी

लूपचा संबंध नाही. लॅपटॉपवर विंडोजही आहे का? आणि बांधत होतात तेव्हा इंटरनेट बंद होतं का?

ओली_माती

हो, दोन्ही! बांधताना नेट नव्हतं, नंतर मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. कसं ओळखलंत?

काळी_खिडकी

आकड्यावरून. साडेपाच तास म्हणजे १९८०० सेकंद, तुमचा आकडा त्याच्या जरा खाली आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ लिहितं. लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं आणि वर साडेपाच तास मिळवतं. नेट नसल्यामुळे ती दुरुस्त झाली नाही, आणि तुम्ही बांधलेल्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइलींवर साडेपाच तास पुढची वेळ पडली. सोर्सवर नाही पडली, कारण टार मूळ वेळ जपतं. हॉटस्पॉट लावल्यावर घड्याळ मागे आलं. मग तुम्ही सीएच३४१.सी बदलली, तिची वेळ आत्ताची. मेक फक्त वेळा बघतं: ऑब्जेक्ट फाइल सोर्सपेक्षा नवी, म्हणजे काही करायला नको. म्हणून तुमची ओळ कर्नलपर्यंत पोचलीच नाही. हा इशारा लोक ओलांडून जातात, त्याचं मला फार वाईट वाटतं. त्यातलं ‘बिल्ड अपूर्ण असू शकतं’ हे शब्दशः खरं असतं.

सगळ्या फाइलींना ‘टच’ करा असा सल्ला कुठेही मिळेल. करू नका. ऑब्जेक्ट फाइलही टच झाली की कुठली नवी, कुठली जुनी हेच पुसलं जातं आणि तुमचा बदल तसाच राहून जाईल. ‘मेक क्लीन’ करा, तुमची .कॉन्फिग तशीच राहते, आणि पुन्हा बांधा. मग विंडोजच्या रजिस्ट्रीत टाइमझोन-इन्फर्मेशनखाली रिअल-टाइम-इज-युनिव्हर्सल नावाची नोंद १ करा, दोघांचं घड्याळ एक होईल. रजिस्ट्रीला हात लावायचा नसेल तर लिनक्सला ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ सांगता येतं. ते करताना इशारा येतो, त्यातली मोठी भीती उन्हाळ्यात घड्याळ बदलणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे ते होत नाही, त्यामुळे भारतात राहून चालून जातं. तरी मी पहिलाच मार्ग घेईन.

तिसरा_मजला

केबल बदलली, दुसऱ्या भोकात लावली. एफएससीकेने काही नोंदी दुरुस्त केल्या, लॉस्ट+फाउंडमध्ये अर्धवट ऑब्जेक्ट फाइली निघाल्या, त्या उडवल्या. जे८ ने पूर्ण बांधून झालं. १९९ अजून ३१२ वरच आहे. नदीकाठ, मनापासून आभार. दुकानदार नवी डिस्क घ्या म्हणत होता.

ओली_माती

मेक क्लीननंतर ओळ दिसली. वाचन तुटतं ते बोर्ड सुटून पुन्हा जोडला जातो तेव्हा, म्हणजे शोध आता वायरीकडे वळला. सगळ्यांचे आभार!

शेवटचा प्रश्न. डीबग माहितीसकट पुन्हा बांधायचंय, ४० जीबी पुरेलसं वाटत नाही. ती फाइल मोठी करता येते का, की नव्याने सगळं?

नदीकाठ

करता येते. आधी अनमाउंट करा. मग ‘ट्रंकेट -एस +१५जी बांधणी.आयएमजी’. यातलं अधिकचं चिन्ह गळलं तर फाइल कापून १५ जीबीची होईल, म्हणून एंटर दाबण्याआधी पुन्हा वाचा. मग त्याच फाइलवर ‘ई२एफएससीके -एफ’ आणि त्यानंतर ‘रीसाइझ२एफएस’. वाढलेल्या भागात आयनोड त्याच प्रमाणात मिळतात. बाहेर ६१ जीबी आहेत, ५५ पर्यंत नेलंत तर थोडी मोकळी राहील. त्याहून मोठी करू नका. फाइल पोकळ असल्यामुळे आत जागा दिसत राहील आणि बाहेरची डिस्क भरली की आतली ईएक्सटी४ आय/ओ एरर देऊन बंद पडेल. आणि डिस्क काढताना आधी लूप अनमाउंट करा, मग बाहेरचं पार्टिशन.